आधीचा फाटा

चूक रविवारी झाली. ती कळली मंगळवारी, साडेअकराच्या सुमारास, हातात ओलं फडकं असताना. खारघरच्या आमच्या मेडिकल कॉलेजात तिसऱ्या मजल्यावर शरीररचनेचं संग्रहालय आहे आणि मी, नामदेव घरत, गेली चोवीस वर्षं तिथला अटेंडंट आहे. सात नंबरच्या कपाटात फुप्फुसं आहेत. काच डावीकडून उजवीकडे पुसायची ही माझी पद्धत, म्हणून प्राणीही त्याच क्रमाने डोळ्यांखालून जातात: उंदीर, मांजर, बकरी, माकड, गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी आणि शेवटी माणूस. त्या दिवशी फडकं माणसापाशी पोचलं आणि नजर काही कारण नसताना मागे बकरीवर गेली. मग पुन्हा माणसावर. मग पुन्हा बकरीवर. बकरीची श्वासनळी दोन होण्याच्या आधीच उजवीकडे एक बारीक नळी सोडते. माणसाची सोडत नाही. दरवर्षी दीडशे पोरांना छडी लावून मी हा फाटा दाखवतो. आणि परवा रविवारी, माझ्याच ओटीवर बसून, माझ्याच बायकोच्या छातीच्या फिल्मवर तो फाटा मी बघितला होता आणि म्हणालो होतो, सगळं जागेवर आहे.

फडकं बादलीत टाकून मी स्टुलावर बसलो. असं कसं झालं हे मला लगेच समजलं, आणि समजलं म्हणूनच जास्त लाज वाटली. माणसाची फुप्फुसं आमच्याकडे क्वचित हाती लागतात. औषधात मुरलेल्या देहातली असतात, घट्ट झालेली, फुगवता न येणारी. बकरीची मात्र मी शेकड्यांनी केली आहेत. बेलापूर गावातल्या मटणवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवायचं, की नरड्यासकट अख्खं ठेव, सुरी लावू नकोस. मग नळातून पाणी सोडून आतलं रक्त निघेपर्यंत धुवायचं, श्वासनळीत माशांच्या टाकीच्या पंपाची नळी घालायची, दोऱ्याने आवळायची आणि तीन-चार दिवस सावलीत हवा चालू ठेवायची. सुरुवातीला ते ताटलीत चिंधीसारखं पडलेलं असतं. मग एका कोपऱ्यात हवा शिरते, तिथला रंग उजळतो, आणि बघता बघता सगळं वर येतं, गुलाबी, भरलेलं, कडा थरथरत. पहिल्या वर्षी पंप नव्हता तेव्हा मी तोंडाने फुंकायचो. माझा श्वास मेलेल्या जनावरात जायचा आणि ते उठून बसल्यासारखं व्हायचं, आणि मी घाबरून तोंड काढून घ्यायचो. आता घाबरत नाही, पण अजूनही त्या क्षणी मी कोणाशी बोलत नाही. एवढ्या बकऱ्या हातून गेल्या की हाताला फुप्फुस म्हटलं की तेच ठाऊक. त्यामुळे रविवारी डोळ्यांना तो फाटा दिसला तेव्हा डोळे दचकले नाहीत. ओळखीचं माणूस ओळखीच्या जागी बसलेलं दिसावं, तसं ते झालं.

भागीरथीच्या पित्ताशयात खडे आहेत. दुर्बिणीचं ऑपरेशन बुधवारी सकाळी ठरलं होतं, बेलापूरच्या एका इस्पितळात, आणि मंगळवारी चारला दाखल व्हायचं होतं. भुलीच्या डॉक्टरांनी तपासताना विचारलं होतं, कोविडमध्ये छातीचा सीटी काढला होता का, असेल तर फिल्म आणा. ती फिल्म चार वर्षं कपाटात रेशनकार्डाखाली होती. रविवारी तिने ती काढली, पदराने पुसली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"तुमी बगा ना जरा. तुमचा रोजचाच काम हाय."

मी ती उजेडात धरली. मला डाग बघायचे होते, आणि डाग होते, कोविडचे, पांढरे. बाकी मी नळ्यांवरून नुसती नजर फिरवली, घरात शिरताना उंबऱ्याकडे बघावं तशी.

"सगला जाग्यावर हाय ना?"

"हाय," मी म्हणालो. "सगला जाग्यावर हाय."

आणि ती निर्धास्त झाली. तिचा डॉक्टरांवर नाही, माझ्यावर विश्वास. शहाबाज गावात माझी ओळखच ती आहे, की नामदेवला शरीराच्या आतलं कळतं. कोणाचा गुडघा दुखला तरी रिपोर्ट आधी आमच्या ओटीवर येतो. मी प्रत्येकाला सांगतो की बाबांनो, मी काच पुसतो. पण खरं सांगायचं तर ते ऐकायला मला आवडतं.

फिल्म माझ्या पिशवीतच होती, डब्याशेजारी, कारण संध्याकाळी ती इस्पितळात द्यायची होती. ती काढून मी संग्रहालयाच्या पश्चिमेकडच्या खिडकीला लावली. बारा चित्रं, छाती समोरून उभी कापल्यासारखी, एकामागून एक खोल जाणारी. सहाव्या चित्रात श्वासनळी, काळी, सरळ. तिच्या दोन वाटा होतात ती जागा. आणि त्या जागेच्या जरा वर, जिकडे उजवी बाजू असल्याचं अक्षर छापलं होतं त्या बाजूला, एक काळी काडी, करंगळीच्या नखाहून मोठी नाही, तिरकी वर गेलेली. सातव्यातही होती. आठव्यात पुसट. फिल्मच्या मागे खालच्या रस्त्यावरून मेट्रो गेली, आणि ती भागीरथीच्या बरगड्यांमधून जाताना दिसली. मी श्वास धरून उभा होतो हे मेट्रो गेल्यावर लक्षात आलं. रिपोर्ट बाहेर काढला. दोन ओळी आणि डागांचा एक आकडा, पंचवीसपैकी नऊ. मी त्या लिहिणाऱ्याला दोष देणार नाही. त्या एप्रिलमध्ये आम्ही सहा तास रांगेत होतो, माझ्यापुढे एक माणूस रांगेतच खाली बसला तो उठला नाही. त्या दिवसांत कोणी नळ्या मोजत नव्हतं, सगळे डाग मोजत होते. पण मी तर परवा मोकळा होतो. चहा घेत होतो.

भीती नंतर आली. आधी जे आलं ते वेगळंच होतं, आणि ते कबूल करायला मला थोडं अवघड जातं, कारण बायकोचं ऑपरेशन उद्यावर आलं असताना माणसाला असं वाटू नये. मला हरखल्यासारखं झालं. मी वळून कपाटाकडे बघितलं, मग फिल्मकडे. आमच्या विभागाच्या जुन्या प्रमुख राजेश्वरी मॅडम यांनी हे कपाट मांडलं, त्या निवृत्त होऊनही आता नऊ वर्षं झाली. वानरांची चार फुप्फुसं खरी नाहीत, मॅडमनी चित्रं आणि मापं दिली आणि मी ती प्लॅस्टरची घडवली. घडवताना त्या शेजारी खुर्ची टाकून बसायच्या आणि सांगायच्या. नामदेव, हे बघ, माकडाला उजवीकडे चार खंड, त्यातला चौथा हृदयाच्या खाली लपलेला. गिबननेही तो ठेवलाय. ओरांगउटानकडे ये, त्याने सगळ्या भिंतीच पाडून टाकल्या, एकेका बाजूला एकच मोठी खोली, चीर नाही की खंड नाही. पुढे गोरिला, चिंपांझी आणि तू, उजवीकडे तीन, डावीकडे दोन, कारण डावीकडे हृदयाला जागा द्यायची असते. ओरांगउटान घडवताना मी तीनदा विचारलं होतं, की मॅडम, खरंच एकही चीर नाही? माझा हात कबूल होत नव्हता. आणि हत्तीचं तर फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटलेलंच असतं, मधे पोकळी नाही. ते ऐकलं त्या दिवशी मी मेट्रोच्या अर्धवट खांबांखालून चालत घरी गेलो होतो, बस पकडायची राहून गेली. एकाच हवेसाठी एवढ्या तऱ्हा! मी एकदा म्हणालो, म्हणजे माणूस बकरीपासून सुधारत आला. मॅडम चिडल्या. "बकरी तुझी आजी नाही रे, चुलत बहीण आहे. घर एकच होतं, वाटण्या झाल्या. कोणी कुठली खोली ठेवली, कोणी मोडली. त्यात शहाणा-वेडा कोणी नाही." आणि मग, काच बंद करताना, सहज म्हणाल्या होत्या, की कधी कधी, हजारात एखाद्या माणसात, बकरीसारखा तो आधीचा फाटा निघतो. त्या माणसाला आयुष्यभर पत्ताही नसतो. मी तेव्हा मान डोलावली होती. तो हजारातला एखादा माणूस माझ्याच घरात भाकऱ्या थापत होता.

मी हिशेब करत राहिलो. आईच्या पोटात चौथ्या-पाचव्या आठवड्यात ही नळी फुटते, केसाएवढी. भागीरथी उरणजवळच्या मोरा बंदराची. तिची आई त्या आठवड्यांत मोऱ्याच्या धक्क्यावर माशांच्या टोपल्या लाँचमध्ये चढवत असणार, आपल्याला दिवस गेलेत हे तिला माहीतही नसणार. वर खारा वारा, माणसांची आरडाओरड, आणि आत त्या अंधारात एका केसाएवढ्या नळीने, दोन वाटा फुटायच्या आधी, उजवीकडे एक वाट काढली. कोणाला विचारून? कोणी सांगितलं तिला? उरण फाट्यावरून मी हजारदा गेलो असेन, पण रस्ता कुठे फुटावा हे तिथे माणसांनी नकाशावर ठरवलं. इथे नकाशा कोणाच्या हातात होता? आणि मग ती जन्मली, आणि त्याच वाटेने तिची पहिली हवा आत गेली, आणि त्याच वाटेने ती गायली. आमच्यात लग्नात धवले, म्हणजे विधींची गाणी, म्हणायला धवलारीण लागते. हळदीपासून वरात परतेपर्यंत ती गाते, भटजी थकतो पण ती थकत नाही. मी भागीरथीला पहिल्यांदा ऐकलं ते मोऱ्याला, चुलतभावाच्या लग्नात. आत बायका बसल्या होत्या, ती दिसत नव्हती, पण एक ओळ अशी लांबली की पाण्याची घागर घेऊन चाललेला मी थांबलो, ती कधी संपते हे बघायला, आणि माझी घागर हातातच राहिली. तेव्हापासून मला कोडं होतं की ही श्वास घेते तरी कुठे. खिडकीपाशी उभा राहून क्षणभर वाटलं, हेच ते. मग स्वतःला दटावलं. नामदेव, फाट्याने श्वास लांबत नाही, बकऱ्या काय गातात का. तरीही अंगावर काटा होता तो गेला नाही.

आणि मग, फिल्म गुंडाळताना, पंपाची नळी आठवली. बकरीच्या श्वासनळीत पंपाची नळी दोन बोटं जास्त आत गेली की काय होतं ते मला कोणी शिकवलेलं नाही, ते माझ्या हातून झालेलं आहे. सगळं फुगतं. डावं फुगतं, उजवं खालचं फुगतं. फक्त उजवीकडचा वरचा खंड तसाच राहतो, सुरकुतलेला, काळपट, मिटलेला. कारण नळीचं टोक त्या आधीच्या फाट्याच्या पुढे गेलेलं असतं आणि दोऱ्याची गाठ त्याचं तोंड दाबते. पहिल्या वेळी मी अख्खा दिवस गळती शोधत बसलो होतो. शेजारच्या खोलीत पोरांना रबरी पुतळ्यावर भुलीची नळी घालायला शिकवतात. त्या नळीला टोकापाशी फुगा असतो. तो फुगवला की नळी श्वासनळीत घट्ट बसते, आणि तिथेच फाटा असेल तर त्याचं तोंडही बंद होतं. म्हणजे उद्या सकाळी आठला, कोणाचीही चूक नसताना, भागीरथीच्या छातीचा एक कोपरा मिटेल, आणि यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा उतरायला लागेल, आणि चार हुशार माणसं गळती शोधत बसतील.

मॅडमना फोन लावावा असं वाटलं. पण त्या आता पुण्याला मुलीकडे असतात, कानाने कमी ऐकतात. विभागाच्या आताच्या साहेबांना सांगावं तर ते परीक्षेच्या कामात. आणि सांगायचं काय? की अटेंडंटने फिल्म वाचली? मी अर्ध्या दिवसाची रजा लिहिली, मेट्रोने बेलापूरला उतरलो. भागीरथीला आमच्या मुलाने, रूपेशने, गाडीतून परस्पर आणलं होतं. ती वॉर्डात पोचली होती, मी वर न जाता खालीच भुलीच्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर थांबलो. डॉक्टर स्मिता चाळिशीच्या असतील, बाहेर आल्या त्या चालतच होत्या.

"फिल्म ना काका? सिस्टरकडे द्या, फाइलला लावतील."

"मॅडम, जरा थांबा," मी म्हणालो. एवढ्या वर्षांत कुठल्याही डॉक्टरला मी थांबा म्हणालेलो नाही. आवाज जरा मोठाच निघाला, बाकावरच्या दोघांनी वळून बघितलं. "सहावं चित्र बघा. उजवीकडे, दोन फाट्यांच्या वर."

त्यांनी फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली. नाइलाजानेच. मग ती डोळ्यांजवळ नेली. मग खोलीचं दार ढकलून आत गेल्या, भिंतीवरचा दिवा लावला, फिल्म अडकवली आणि मला आत या म्हणाल्या नाहीत, पण दारही लावलं नाही. मी उंबऱ्यावर उभा राहिलो. मनात एकच, चुकलो असेन तर बरं. चुकलो असेन तर माझी फजिती, बरोबर असेन तर तिचा जीव.

"रिपोर्टमध्ये हे नाहीये," त्या म्हणाल्या. "हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी नाय. बकऱ्यांची फुप्फुसं फुगवतो मी, खारघरला, मेडिकलच्या म्युझियममध्ये." मग मी पंपाच्या नळीचं सांगितलं. दोन बोटं जास्त गेली की काय होतं, कुठला कोपरा मिटतो, गळती सापडत नाही. बोलता बोलता हात हवेत फुप्फुस धरल्यासारखे झाले होते. शेवटी त्या म्हणाल्या, "तंतोतंत हेच होतं, काका. प्रत्येक वेळी होईलच असं नाही. पण झालं असतं तर मी आधी दुसरंच काहीतरी शोधत बसले असते." त्यांनी फाइलवर लाल पेनाने मोठ्या अक्षरांत लिहिलं. नळी वरच ठेवीन, आधी बारीक दुर्बीण घालून आत बघेन, म्हणाल्या. मग पेनाचं टोपण लावत, "मी पुस्तकात वाचलंय फक्त. बघितला नव्हता कधी."

मी वर गेलो. भागीरथी खाटेवर मांडी घालून बसली होती, हातात इस्पितळाचा हिरवा झगा, त्याच्या नाड्या पुढून बांधायच्या की मागून या विचारात. मी स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं. सगळ्यात शेवटी रविवारचं.

"मंजे मी बकरी?" ती म्हणाली.

"बकरी नाय. बकरीची चुलत भईन."

"मंग पाला आना सकालचा. यांचा सूप मना नको." शेजारच्या खाटेवरची बाई हसली. भागीरथीही हसली, पण मग झग्याच्या नाड्या बोटाला गुंडाळत राहिली. पुढच्या महिन्यात माझ्या पुतण्याचं, कुंदनचं लग्न आहे, आणि तिच्याशिवाय तिथे धवले म्हणणारं दुसरं कोणी नाही. शिकायला कोणी पोर बसत नाही.

"मना गाता येल ना?"

"येल."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. "रविवारी पन तुमी असाच बोल्ले व्हते. हाय, सगला जाग्यावर हाय."

चोवीस वर्षांत गावात जमवलेला शब्द एका वाक्यात गेला, आणि तो जाणंच बरोबर होतं. मी तिचा झगा घेतला आणि नाड्या मागून बांधायच्या असतात ते दाखवलं.

बुधवारी आठला तिला आत नेलं. रूपेश चहा आणायला जायचा आणि यायचा. मी डोळे मिटून बसलो की कपाटातली ओळ दिसायची, पण आता ती कोरडी नव्हती, सगळी एकदम हलत होती, उंदरापासून माणसापर्यंत, वर-खाली. त्यांच्यात कुठे तरी तिचंही होतं, माणसाच्या खणात, बकरीकडे तोंड करून. मी आयुष्यात देवाला नवस बोललेलो नाही. त्या दोन तासांत बोललो का ते सांगत नाही.

सव्वादहाला डॉक्टर स्मिता बाहेर आल्या. टोपी काढली नव्हती. खिशातून फोन काढला आणि, रूपेशला काही सांगायच्या आधी, माझ्यासमोर धरला. ओलसर गुलाबी भिंत, तिच्यावर गोल कड्या, खाली लांब अंधारात दोन वाटा, आणि अलीकडे उजव्या भिंतीत एक लहानसं, नीट, गोल दार. "उघडंच ठेवलं," त्या म्हणाल्या. "शेवटपर्यंत. आकडा एकदाही हलला नाही." आम्ही दोघं त्या फोटोकडे बघत राहिलो, रूपेश आमच्याकडे. मी चोवीस वर्षं ते दार बघतोय, पण सुकलेलं, कडक, पांढरं. ते ओलं असतं, त्याला चमक असते, हे मला माहीत नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलं नाही.

दुपारी तिला वॉर्डात आणलं. ओठ सुकले होते, घसा बसला होता, डोळे अर्धे उघडे. मी स्टूल ओढून बसलो आणि एकदम लक्षात आलं की मी एवढी फुप्फुसं धुतली, फुगवली, सुकवली, त्यांतलं एकही कधी ऐकलं नाही. ऐकण्यासारखं एक बत्तीस वर्षं शेजारी झोपत होतं. मी वाकलो आणि तिच्या गळ्याच्या उजव्या हाडाखाली, त्या वरच्या खंडावर कान ठेवला.

"अवो, लोकं बगतान," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"बगूं दे."

झग्याला औषधाचा वास येत होता. आधी माझंच रक्त कानात वाजत होतं. मग ते शांत झालं आणि हवा आत जाताना ऐकू आली, मग बाहेर येताना, आणि पुन्हा आत.

"सगला जाग्यावर हाय?" तिने विचारलं.

"नाय," मी कान न काढता म्हणालो. "जाग्यावर नाय. पन चालू हाय."

पोटावरचे टाके ताजे होते, हसलं तरी दुखत असणार. तरी मला नीट ऐकू यावं म्हणून तिने एक मोठा श्वास घेतला.